घरामागे चार कोंबड्या पाळायच्या तर

आमच्या पुण्यातल्या सहकारनगरच्या घरामागे कोंबड्या आहेत हे कळलं, की पाहुणे चहा ठेवून आधी मागच्या खिडकीशी जातात. मग विचारतात, "कोंबडा कुठाय?" नाही म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग अंडी कशी देतात?" कोंबडीला अंडं द्यायला कोंबडा लागत नाही. अंड्यातून पिल्लू हवं असेल तरच लागतो. शहरात कोंबड्या पाळणं जमतं ते मुळात या एका गोष्टीमुळे. पहाटे चारला बांग देणारा प्राणी कुठल्याच गल्लीत फार दिवस खपवून घेतला जात नाही.

टाळेबंदीच्या आधी माझ्या ओळखीत कोंबड्या पाळणारं कुणी नव्हतं. आता वारजे, धायरी, पाषाण, बाणेर, जिथे जिथे बैठी घरं आणि रो-हाउस उरलीत तिथून फोन येतात. कुणाच्या मुलांना हव्या असतात, कुणाच्या सासूबाईंना गावाकडची आठवण येते, कुणाला बागेला खत हवं असतं. स्वस्त अंड्यांसाठी हा उद्योग करू पाहणाऱ्यांना मात्र मी पहिल्याच फोनवर थांबवतो. अंड्यावर आलेली कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाते. म्हणजे चौघींना महिन्याला तेरा-चौदा किलो खाद्य. भरपूर अंडी देणारी जात असली तरी महिन्याकाठी सत्तर-ऐंशी अंडी हातात पडतात, आणि गावठी असली तर वीस-पंचवीस. त्यात खुराड्याचा खर्च, तूस, औषधं धरा. दुकानातल्या अंड्याशी बरोबरी करायला जाल तर हराल.

हे मान्य असेल तर पुढे वाचा.

आधी शेजार, मग जागा

कोंबड्या आणण्याआधी भिंतीला भिंत लागून असलेल्या प्रत्येक घरी जा. फोन नको, प्रत्यक्ष जा. किती कोंबड्या, कुठे ठेवणार, कोंबडा असणार नाही, वास आला तर मला आधी सांगा, एवढंच बोलायचं. मी हे केलं नव्हतं. पहिल्या महिन्यात तक्रार थेट लेखी आली, आणि तीही जिथे वास येणं शक्य नाही अशा तिसऱ्या घरातून. डाव्या बाजूचे काका अंड्याला हातही लावत नाहीत, त्यामुळे अंडी देऊन त्यांना खूश करण्याचा मार्ग बंद होता. त्यांच्या गच्चीतल्या कुंड्यांसाठी खताची गोणी दिली, तेव्हापासून पावसाळ्याआधी तेच आठवण करतात.

सोसायटी असेल तर कमिटीची लेखी संमती घ्या. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात लेखी अर्ज देऊन तुमच्या भागात काय चालतं ते विचारून घ्या आणि पोच जपून ठेवा. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन वेगळ्या महापालिका आहेत, तेव्हा सांगवीतल्या मित्राला मिळालेलं उत्तर औंधात चालेलच असं नाही.

जागेचं म्हणाल, तर फ्लॅटच्या बाल्कनीत कोंबड्या पाळू नका. कोंबडीला माती उकरायला, धुळीत लोळायला आणि कोवळ्या उन्हात पंख पसरून पडायला जागा लागते. गच्चीचा विचार करणाऱ्यांनी मे महिन्यात दुपारी तीनला गच्चीवर अनवाणी उभं राहून पाहावं. बंगल्याचं मागचं अंगण किंवा रो-हाउसची निदान दहा फूट लांबीची मातीची पट्टी, जिथे दुपारनंतर सावली येते, ती जागा योग्य. जुन्या घराच्या भिंतीचा रंग पोपडे धरून पडत असेल, किंवा तिथे कधी गॅरेज असेल, तर ती टाळा. जुन्या रंगात आणि बॅटरीच्या कचऱ्यात शिसं असतं, कोंबडी ते टिपते आणि ते अंड्यात उतरतं.

खुराडं: इथे पैसे वाचवू नका

माझं पहिलं खुराडं म्हणजे एक जुनं लाकडी कपाट होतं, त्याला पुढून षट्कोनी छिद्रांची स्वस्त कोंबडी जाळी ठोकलेली. दिसायला छान. तळजाईच्या बाजूने आलेल्या मुंगसाने ती जाळी तिसऱ्या आठवड्यात खालच्या कोपऱ्यातून उचकटली आणि सकाळी दोन कोंबड्या मेलेल्या सापडल्या. कोंबडी जाळी कोंबडीला आत ठेवते, बाहेरच्याला बाहेर ठेवत नाही. घ्यायची ती अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे सांधे वेल्ड केलेली ताठ तारांची जाळी. ती महाग असते, एकदाच घ्यावी लागते, आणि तिच्यातून घूसही शिरत नाही.

चार कोंबड्यांसाठी चार फूट बाय तीन फुटांचं घर पुरतं. पुस्तकी हिशेब कोंबडीमागे दोन चौरस फुटांचा आहे, पण पावसाळ्यात त्या दिवसभर आत राहतात आणि जागा कमी पडली की एकमेकींना टोचतात. घराला लागून निदान तीस-चाळीस चौरस फुटांचं जाळीचं अंगण करा, वरूनही बंद, कारण घारी आणि मांजरं वरूनच येतात. जाळी जमिनीत फूटभर गाडा. ते शक्य नसेल तर बाहेरच्या बाजूला फूटभर आडवी पसरून तिच्यावर फरशा ठेवा. उकरणारा प्राणी भिंतीच्या पायाशीच उकरतो, त्याला जाळी लागली की सोडून देतो.

घराचा तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उंच घ्या. त्यामुळे पावसाचं पाणी शिरत नाही, घुशी खाली बिळं करत नाहीत आणि कोंबड्यांना भर दुपारी खाली सावली मिळते. लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवली की ऊन सरळ आत घुसत नाही. हवा खेळायला जाळीच्या खिडक्या कोंबड्यांच्या डोक्याच्या वर हव्यात, म्हणजे वास बाहेर जातो आणि झोपलेल्या कोंबडीच्या अंगावर वारा येत नाही. पत्रा टाकलात तर त्याला वरून चुन्याचा हात द्या आणि उन्हाळ्यात त्यावर पाचट किंवा गवत पसरा.

आत बसायला आडवी दांडी लागते. दोन इंच रुंद लाकूड, कडा घासून गोल केलेल्या, कोंबडीमागे आठ-नऊ इंच लांबी. अंडी घालायला बारा-चौदा इंची चौकोनी खोका, चौघींना एक पुरतो, दोन असले तर भांडणं नाहीत. दांडी खोक्यापेक्षा उंच हवी, नाहीतर त्या खोक्यातच झोपतात आणि सकाळची अंडी शिटेने माखलेली मिळतात. दाराला साधी खिट्टी नको. कडी घाला आणि वर हूक अडकवा.

कुठली कोंबडी

गावठी कोंबडी काटक, चपळ, शहाणी, पण वर्षाला साठ-ऐंशी अंडी. शिवाय ती उडते, सहा फुटी भिंत तिला काहीच नाही. परसातल्या पालनासाठीच तयार केलेल्या जाती त्यामानाने सोयीच्या. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेच्या वनराज आणि ग्रामप्रिया, बंगळूरूची गिरिराज. वनराज शे-सव्वाशे अंड्यांच्या आसपास, ग्रामप्रिया दोनशेपर्यंत जाते. कडकनाथची चौकशी सगळ्यात जास्त होते. ती मूळची मध्य प्रदेशातल्या झाबुआची, २०१८ साली तिच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं. अंडी मात्र तिची शंभराच्या आतबाहेरच, आणि तीही काळी नसतात, फिकट तपकिरी असतात. पिंजऱ्यातल्या व्यावसायिक पांढऱ्या लेअर, म्हणजे अंड्यांसाठीच्या, कोंबड्या वर्षाला तीनशेच्या पुढे जातात, पण अंगणात त्या बावचळतात.

मी म्हणेन, पहिल्या वेळी ग्रामप्रिया किंवा तिच्यासारखी तपकिरी अंड्याची कोंबडी घ्या आणि संख्या चारवर ठेवा. एकटी कोंबडी झुरते, दोघींतली एक मेली की पुन्हा तेच. चारांत एखादी गेली तरी कळप राहतो.

एक दिवसाची पिल्लं घेण्याचा मोह टाळा. खडकीला पशुसंवर्धन खात्याचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे, तिथली पिल्लं चांगली असतात. पण एक दिवसाच्या पिल्लांत नर-मादी ओळखणं तुमच्या-आमच्या हातचं काम नाही. निम्मे नर निघतात, आणि ते शहरात कुणी घेत नाही. शिवाय पहिल्या आठवड्यात पिल्लाला ३२ ते ३५ अंश ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत न्यायची. बल्ब, परडी, रात्रीचं उठणं आणि दोन-चार मरणं हे सगळं त्यात आलं.

त्यापेक्षा आठ-दहा आठवड्यांच्या तलंगा घ्या. तलंग म्हणजे वयात येऊ लागलेली, अजून अंड्यावर न आलेली कोंबडी. या वयात नर ओळखू येतो: तुरा मोठा आणि लाल, पाय जाड, मानेवरची आणि कमरेवरची पिसं टोकदार. मला चारही तलंगा म्हणून दिलेल्यांत एक कोंबडा निघाला. दोन महिन्यांनी त्याने पहिली बांग दिली ती सोसायटीच्या वार्षिक सभेच्या दिवशी सकाळी. तेव्हा विकणाऱ्याशी आधीच ठरवा की नर निघाला तर बदलून देणार, आणि लसी कुठल्या झाल्या ते तारखेसह लिहून घ्या.

आणताना पाय बांधून उलटं लटकवून आणू नका. पक्ष्याला आपल्यासारखा छाती-पोटामधला पडदा नसतो, उलटं धरलं की आतड्यांचा भार फुप्फुसांवर येतो. भोकं पाडलेल्या खोक्यातून, संध्याकाळी आणा. अंधारात खुराड्यात सोडा, आणि पहिले चार-पाच दिवस अंगणाचं दार उघडू नका. घर कुठलं हे त्यांना त्यात पक्कं होतं. नंतर तुम्ही दारही उघडं ठेवा, दिवेलागणीला त्या आपणहून दांडीवर जाऊन बसतात.

खायला काय

दुकानात तीन प्रकारचं खाद्य मिळतं: पिल्लांचं, वाढीचं आणि लेअरचं. तलंगांना वाढीचं द्यायचं. पहिलं अंडं दिसलं, म्हणजे साधारण वीस ते चोवीस आठवड्यांना, की लेअरचं सुरू करायचं. आधीच लेअर खाद्य घातलं तर त्यातल्या जास्तीच्या कॅल्शियमने मूत्रपिंडं बिघडतात. शिंपल्यांची चुरी वेगळ्या वाटीत ठेवा, ज्या कोंबडीला लागते ती खाते. घरातल्या अंड्यांची टरफलं भाजून, चुरून दिली तरी चालतात. अख्खी मात्र देऊ नका, नाहीतर टरफल म्हणजे खाऊ हे त्यांच्या लक्षात येतं आणि मग त्या स्वतःची अंडी फोडून खातात.

नुसत्या ज्वारी-बाजरीवर, तांदळाच्या कणीवर कोंबडी जगते, पण अंडी कमी देते, कारण प्रथिनं पुरत नाहीत. दाणे संध्याकाळी मूठभर, माती उकरायला लावण्यापुरते. शेवग्याचा पाला, पालक, मेथीच्या काड्या, कलिंगडाच्या साली दुपारी. बलक गर्द पिवळा होतो तो हिरव्या पाल्यामुळे आणि पिवळ्या मक्यामुळे. टरफलाच्या रंगाचा पोषणाशी काही संबंध नाही. तपकिरी अंडं म्हणजे गावठी हा समज भाजीबाजारात अनेकांना महागात पडतो.

उरलंसुरलं देताना एक गंमत लक्षात ठेवा. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही, तेव्हा मिसळीचा कट त्यांना झोंबणार नाही. अडचण मिठाची आहे. फरसाण, लोणचं, पापड, खारट भाज्या नकोत. कच्ची कडधान्यं, बटाट्याच्या हिरव्या साली, चहाचा चोथा, चॉकलेट, अ‍ॅव्होकाडो यांतलं काहीच नको. आणि बुरशी लागलेलं धान्य तर कधीच नको. पावसाळ्यात शेंगदाणा पेंडीत आणि मक्यात बुरशीमुळे जे अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं ते यकृत खलास करतं. खाद्य झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा, महिन्याभराचंच आणा. खाद्य उघडं राहिलं की घुशी आल्या, आणि घुशींमागून साप.

रोजचं काम

सकाळी दहा मिनिटं: दार उघडणं, पाणी बदलणं, खाद्य घालणं, शीट पाहणं. संध्याकाळी पाच मिनिटं: अंडी काढणं, डोकी मोजणं, कडी लावणं. आठवड्यातून एकदा तूस खालीवर करणं. एवढंच काम आहे, पण ते रोज आहे. दिवाळीत गावी जायचं तर कोण बघणार, याचं उत्तर कोंबड्या आणायच्या आधी हवं.

तूस म्हणजे भाताचं तूस. ते आत चार-पाच इंच पसरायचं. कोरडं असेल तोवर वास येत नाही. वास येतो तो कोंबडीचा नसून ओल्या शिटेतून सुटणाऱ्या अमोनियाचा असतो. नाकाला झोंबलं की समजा तूस ओलं झालंय. ओला भाग काढा, कोरडं घाला, पाण्याचं भांडं कुठे सांडतंय ते शोधा. काढलेलं तूस थेट झाडांना घालू नका, मुळं जळतील. गुलमोहराचा, वर्षावृक्षाचा वाळका पाला पुण्यात फुकट पडलेला असतो. त्याच्याशी थर देऊन तीन महिने कुजवा.

अंगणाच्या कोपऱ्यात माती, वाळू आणि चुलीची राख यांचा एक खड्डा करून ठेवा. त्यात त्या लोळतात, अंगावर धूळ उडवतात. उवा-पिसवांवर त्यांचा हाच उपाय. लाल किडे मात्र दिवसा लाकडाच्या फटीत असतात आणि रात्री कोंबडीवर चढतात, तेव्हा महिन्यातून एकदा रात्री टॉर्च घेऊन दांडीच्या खालच्या फटी बघा.

ऋतूंप्रमाणे

पुण्याची थंडी कोंबडीला त्रास देत नाही, पुण्याचा एप्रिल-मे देतो. कोंबडीच्या अंगाचं तापमान मुळातच ४१ अंशांच्या आसपास असतं आणि तिला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकणं, पंख अंगापासून दूर धरणं ही खूण. पाणी एरवी दिवसाला पाव लिटर लागतं, उन्हाळ्यात दुप्पट. दोन ठिकाणी मातीच्या भांड्यांत, सावलीत ठेवा. खाद्य पहाटे आणि संध्याकाळी द्या, दुपारी नको, कारण पचनाने अंग आणखी तापतं. जाळीवर ओलं गोणपाट लावा, पण हवा अडवू नका.

जुलै-ऑगस्ट हा आजारांचा काळ. जाळीच्या अंगणावर ताडपत्री ताणा आणि चिखल झालाच तर त्यावर वाळका पाला टाकत राहा. सप्टेंबर-ऑक्टोबरात जुनी पिसं गळतात, कोंबडी भिकारणीसारखी दिसते आणि अंडी थांबतात. आजार समजून घाबरू नका. डिसेंबरात पुण्यात दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो आणि भरपूर अंड्यांना चौदा-पंधरा तास उजेड लागतो, म्हणूनही अंडी कमी होतात. काही जण खुराड्यात दिवा लावतात. मी लावत नाही, त्यांनाही दोन महिने सुट्टी मिळू दे. गणपतीआधीचा ढोल-ताशांचा सराव जवळ असेल किंवा दिवाळीचे फटाके असतील, तर दोन-चार दिवस पातळ कवचाची अंडी मिळतात.

आजार

मानमोडी, म्हणजे राणीखेत, हे सगळ्यात मोठं संकट. हिरवट जुलाब, धाप, मान पिळवटणं. त्यावर औषध नाही, लसच. शहरातली अडचण अशी, की लसीची बाटली शेकडो मात्रांची येते आणि कालवल्यावर दोन तासांत संपवावी लागते. चार कोंबड्यांसाठी ते परवडत नाही. म्हणून लस झालेल्याच तलंगा घ्यायच्या, आणि पुढचा डोस दोन-तीन घरांनी मिळून एका दिवशी द्यायचा. देवीची लसही विसरू नका, डास तो रोग पसरवतात आणि पुण्यात डासांना तोटा नाही. रक्ताळलेली शीट दिसली तर ती बहुधा ओल्या तुसातून आलेली रक्ती हगवण. पशुवैद्याकडून औषध लगेच मिळालं तर कोंबडी वाचते. घरात उरलेल्या माणसांच्या गोळ्या देऊ नका, ते औषध अंड्यात उतरतं. जंतनाशक दर दोन-तीन महिन्यांनी, मात्रा पशुवैद्याला विचारून.

एकाएकी दोन कोंबड्या मेल्या तर हाताळू नका, पुरून टाकू नका. पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. तपासणीची प्रयोगशाळा औंधलाच आहे. २००६ साली नवापूरला आणि २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यात बर्ड फ्लू निघाला, तेव्हा आजूबाजूच्या ठरावीक परिघातले पक्षी मारावे लागले. त्यात परसातल्या कोंबड्याही येतात. लपवून ठेवणाऱ्याला भरपाई मिळत नाही आणि शेजार गमवावा लागतो तो वेगळा.

माणसांसाठी नियम साधा: कोंबडीला, अंड्याला, तुसाला हात लावला की साबणाने हात धुवायचे, मुलांनी तर नक्कीच. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या भागात गुलेन बारी या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण आढळले आणि काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जंतू सापडला, तेव्हा आमच्याकडे शेजाऱ्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या. तेव्हा बोट दाखवलं गेलं ते दूषित पाण्याकडे. तरीही हा जंतू कोंबडीच्या आतड्यात तिला काही त्रास न देता राहतो, हे खरं आहे. म्हणून खुराड्यातल्या चपला वेगळ्या, शीट पाण्याच्या टाकीजवळ जाऊ द्यायची नाही, आणि अंडं पूर्ण शिजवून खायचं.

अंडी हातात आली की

धुऊ नका. टरफलावर नैसर्गिक लेप असतो, तो जंतूंना आत शिरू देत नाही. घाण लागली असेल तर कोरड्या फडक्याने पुसा आणि धुवायचंच तर लगेच वापरण्यापूर्वी. निमुळतं टोक खाली ठेवा. किती जुनं ते कळत नसेल तर पाण्यात टाका: तळाशी आडवं राहिलं तर ताजं, उभं राहिलं तर आधी संपवा, तरंगलं तर खतात.

एखादी कोंबडी खोक्यातून उठेनाशी झाली, हात लावला की फुगून गुरगुरायला लागली, तर ती खुडूक झालीय. कोंबडा नसल्याने तिच्याखालच्या अंड्यांतून काही निघणार नाही, आणि २१ दिवस उलटले तरी ती बसूनच राहील, खाणं सोडेल. तिला तळाला जाळी असलेल्या, हवा खालून लागणाऱ्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवा, खाणं-पाणी देत. माझी आजी डालग्याखाली झाकायची, पण मला जाळीचा पिंजरा जास्त लागू पडलेला दिसला.

शेवटचा प्रश्न फोनवर बहुतेक जण विचारत नाहीत, मग मीच काढतो. अंडी दोन-तीन वर्षांनी उतरत जातात आणि कोंबडी सात-आठ वर्षं सहज जगते. म्हातारीचं काय करायचं हे घरात सगळ्यांनी मिळून आधी ठरवा, विशेषतः मुलांनी तिला नाव ठेवण्यापूर्वी. आमच्याकडे नावं आधी ठेवली गेली. थोरली आता पाच वर्षांची आहे, गेल्या पावसाळ्यापासून तिने एकही अंडं दिलेलं नाही, आणि मांजर भिंतीवर आलं की सगळ्यात आधी तीच ओरडते.